ओरडल्यास

वृषालीच्या कॉलेजच्या प्रोजेक्टला प्रश्न एकच होता: बिबट्या समोर आला आणि माणूस जोरात ओरडला, तर बिबट्या निघून जाण्याची शक्यता किती? अवसरीच्या वस्त्यांवर घरोघरी हिंडून तिने बिबट्याशी गाठ पडलेली एक्केचाळीस माणसं शोधली आणि प्रत्येकाच्या तोंडून ऐकून फॉर्म भरला. सगळेच ओरडले होते, आणि प्रत्येक वेळी बिबट्या उसात पळून गेला होता. उत्तर आलं, शंभर टक्के. ते इतकं पक्कं वाटलं, की वाटेत लागलेल्या शाळेतल्या मुलांनाही तिने शिकवून टाकलं, "घाबरायचं नाही, नुसतं ओरडायचं."

बेचाळिसावा फॉर्म घेऊन ती ओढ्यापलीकडे राहणाऱ्या प्रयागबाईंच्या दारात बसली.

"आजी, बिबट्या तुमच्यासमोर आला होता का?"

"मला न्हाई, माज्या सुनेला गाठ पडला. घास कापाया वाकली व्हती."

"मग त्यांनाच बोलवा ना. ज्याला दिसला त्यानेच सांगायचं, असा फॉर्मचा नियम आहे. त्या ओरडल्या होत्या का, एवढंच विचारायचंय."

प्रयागबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात सुनेचा हार घातलेला फोटो होता. तो त्यांनी वृषालीच्या समोर, फॉर्मांच्या गठ्ठ्यावर ठेवला.



"लई वरडली व्हती, बाई. पार डांबरी रस्त्यापतूर ऐकू गेलं."