अकराचा फोन

“थांबा हो, कार्ड द्या इकडे. सगळ्यांच्याच कार्डात पेनानं एक दुरुस्ती करून देतेय मी,” वॉर्डातली सिस्टर म्हणाली होती.

“पुढच्या वेळी,” घरी निघालेली ती बाळंतीण हसून म्हणाली. खाली टॅक्सी उभी होती, टाके ओढत होते, नवऱ्याच्या हातात चार दिवसांची लेक टाहो फोडत होती. दुरुस्ती म्हणजे असून असून काय, वजन नाहीतर तारीख. आभाळ थोडंच कोसळणार होतं?

कार्ड फ्रिजवर चिकटलं. ‘शंका असल्यास सहा आठवड्यांपर्यंत फोन करा’ आणि खाली नंबर.

नवऱ्याची रजा संपली. तो सकाळी आठला जायचा, संध्याकाळी सातला यायचा. वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून आईचं येणं रद्द झालं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, “आम्ही नाही का केलं सगळं एकटीनं?” त्या एकटीच्या दिमतीला दोन नणंदा आणि एक आत्या होती, हे तिनं तोंडातच ठेवलं.

बाळंतपणाआधी तिनं दोन जाडजूड पुस्तकं खुणा करकरून वाचली होती. पण लेकीनं ती वाचली नव्हती.

सातव्या दिवशी सकाळी अकराला तिनं कार्डावरचा नंबर लावला.

“सिस्टर? बाळ दूध ओढतच नाही हो,” म्हणाली आणि तिला हुंदकाच फुटला.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एक बाई शांतपणे म्हणाली, “रडून घे आधी. मी आहे फोनवर.” थोड्या वेळानं, “आता तिला काखेत धर, पाय पाठीमागे. घाई तिला नाहीये, तुलाच आहे.”

लेक घटाघटा प्यायली.

वॉर्डात सगळ्या तिला ‘अहो’ म्हणायच्या. ही पहिल्या वाक्यापासून ‘अगं’वर आली होती. त्या एका ‘अगं’वर तिचा दिवस निघाला.

दुसऱ्या दिवशी तिनं बेंबीबद्दल विचारायला फोन केला, तिसऱ्या दिवशी शिंकांबद्दल. चौथ्या दिवशी विचारायला काहीच नव्हतं, तरी केला.

“रोज करत जा,” बाई म्हणाली. “अकराला. दोघी धडधाकट आहात एवढं कळलं तरी पुरे.”

“आणि तुमचं कसं कळणार?”

“मी उचलला म्हणजे मीही आहे की!”

दोघी हसल्या. आठवड्यात ती पहिल्यांदाच हसली होती. टाके दुखले.

एकदा छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. बाई एकदम कडक झाली. “इथं माझं शहाणपण चालायचं नाही. आत्ताच्या आत्ता डॉक्टर गाठ.” तिनं गाठला, औषधानं उतार पडला.

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, “सिस्टर, हिच्याकडे बघून मला काहीच वाटत नाही. कुणाचं तरी सांभाळायला दिलंय, असं वाटतं.”

पलीकडे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

“मलाही नव्हतं वाटलं,” बाई म्हणाली. “कुणाला सांगितलं नाही मी. मग एका सकाळी पोरीनं जांभई दिली, एवढीशी. तेवढ्यात काय झालं कोण जाणे. तू नवऱ्याला सांग. माझ्यासारखी गिळून बसू नकोस.”

तिनं नवऱ्याला सांगितलं. तो उठून तिच्याजवळ येऊन बसला.

“किती बाळं गेली असतील तुमच्या हाताखालून?” तिनं एकदा विचारलं.

“मोजत बसले नाही. वाढतात आणि आपापल्या घरी जातात. त्यासाठीच असतात ती.” मग म्हणाली, “इथली फरशी फार गार लागते बघ हल्ली.”

एका शनिवारी फोन नवव्या घंटेला उचलला गेला. आवाज धापा टाकत होता.

“पाय घसरला सकाळी. ओली फरशी. काही नाही, बसून बोलतेय.”

“सुट्टी घ्या ना!”

“मला कोण देतंय सुट्टी? तुझं बोल. जांभई दिली का?”

“दिली,” ती म्हणाली आणि न ठरवताच तिनं लेकीच्या कपाळाचा मुका घेतला.

रविवारी सहा आठवडे पूर्ण झाले. फोन कुणी उचलला नाही. सोमवारी, मंगळवारीही नाही. तिनं कार्ड पुन्हा वाचलं. सहा आठवड्यांपर्यंत. नियम म्हणजे नियम. पण एका शब्दानं सांगायचं तरी! तिला राग आला. बुधवारी तिनं मुद्दाम फोन केलाच नाही.

गुरुवारी तपासणी होती. तरी वाटेत तिनं लोकरी मोज्यांची एक जोडी घेतली. गार फरशीसाठी. रागवायचं ते समोरासमोर रागवू, असं ठरवलं.

टेबलामागे तीच दुरुस्तीवाली सिस्टर होती. “काय हो तुम्ही! सहा आठवड्यांत एक फोन नाही? आम्हाला वाटलं, माहेरी गेलात.”

“रोज केला,” ती म्हणाली. “अकराला. या नंबरवर.”

सिस्टरनं कार्ड हातात घेतलं, कपाळाला हात लावला. “हीच तर दुरुस्ती राहिली! हा नंबर आम्ही दोन वर्षांपूर्वी सोडला. आता तो कुणाच्या तरी घरी लागतो.”

ती बाळंतीण म्हणजे मी. मोजे अजून पिशवीत आहेत. टेलिफोन कचेरी पत्ता शोधते आहे. उद्यापर्यंत लागेल म्हणतात. फोनवरच्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलंच नाही. तुमच्या भिंतीपलीकडे सकाळपासून एखादा फोन नुसताच वाजत असेल, तर तो मी करतेय. हे वाचणं सोडा, उठा, तिचं दार वाजवा. नाही उघडलं, तर फोडा.