रडारपुढची शेकोटी

मंडप पोट धरून हसला, तसा मानसिंग थांबला. आता पुढचं सांगायचं होतं.

साताऱ्यातल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात दर साली हवालदार मानसिंगला हीच गोष्ट सांगायला उभं करत. बर्फातली चौकी, कोळसा संपलेला, आणि पथकातले जवान रडारच्या तबकडीपुढं हात पसरून उभे. रडार सुरू असलं की तिच्यासमोर ऊब लागायची. "सरकारी शेकोटी, राख न्हाई का धूर न्हाई," एवढं तो म्हणाला की लोक मंडप डोक्यावर घेत.

"ती युक्ती माजीच," मानसिंग म्हणाला. "आज माजं वय एकेचाळीस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सांगलीच्या डाक्टरनं पयला काय इचारलं ठावं हाय? भट्टीवर कामाला हुता का. एवढ्या लवकर असं डोळं धगीम्होरं काम करनाऱ्यांचंच जात्यात म्हनं."

हसू जागच्या जागी विरलं. त्याला समोरचे चेहरे दिसत नव्हते, नुसतं धुकं होतं. पण लोक ऐकतायत एवढं कळत होतं.

"डाक्टर म्हनला, खात्री कुनी दिऊ शकत न्हाई, पर रडारच्या लहरींनी डोळं जात्यात असा संशय हाय. मग संशय हाय तर सांगाया नगो? चौकीवर आजबी पोरं हायती. मेळाव्यानं ठराव करावा. पलटनीपलटनीला पत्र जाऊ द्या, रडार चालू आसताना म्होरं हुबं ऱ्हाऊ नगा म्हनून."

अध्यक्षांच्या खुर्चीत सुभेदार लालासाहेब होते. त्यांनी मागून त्याचा सदरा ओढला.

"खाली बसा, हवालदार. पुरावा न्हाई, काय न्हाई. उगं आयाबायांच्या पोटात गोळा आनू नगा."

महिनाभरात मानसिंगचा ह्याच ठरावासाठीचा अर्ज त्यांनी तीनदा परत धाडला होता. वयानं डोळे जातातच, एवढंच तोंडी उत्तर. मानसिंगला त्याचा संताप होता. लढाईत हा माणूस गोळीला भ्याला नव्हता, आणि आता साध्या कागदाला भीत होता. डोळे असून आंधळा झालेला माणूस त्याला सहन होत नव्हता.

"बसत न्हाई," तो म्हणाला. "ज्यांनी त्या तबकडीपुढं हात शेकलं, त्यांनी हुबं ऱ्हावा. मला दिसायचं न्हाई, तवा हजेरी द्या. हुद्दा, नाव, गाव."

मग एक खुर्ची सरकली.

"नायक सिद्धू, जत. डावा डोळा गेला."

"शिपाई हंबीरराव, वाई. मोतीबिंदू काढलाय."

मग मागून दोन, कडेनं तीन. मानसिंग बोटांवर मोजत गेला. सात झाले. त्याचा राग दुप्पट झाला.

लालासाहेबांनी टेबलावर हात आपटला. "समदी वय झालेली मानसं हायती. ठराव हुनार न्हाई." त्यांचा आवाज फाटला होता. मानसिंगला तो माज वाटला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कोणी तरी उठलं. लालासाहेबांची बायको, राहीबाई. दर साली ती मेळाव्याला येत होती, पण चारचौघांत तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"शिपाई दादासो," ती म्हणाली. "आमचा थोरला, आता चौकीवर हाय. त्याचं वय एकवीस."

"गप बस," लालासाहेब म्हणाले, पण जोर नव्हता.

ती त्यांच्याशी बोललीच नाही. मानसिंगशी बोलली.

"भावजी, मागल्या महिन्यात त्याचं पत्र आलं. ह्यांनीच वाचून दाखवलं. थंडी लय हाय, पर मेळाव्यात ऐकलेल्या तुमच्या युक्तीनं रडारपुढं शेकतोय म्हनून लिवलंय. दुसऱ्याच दिशी तुमचा अर्ज आला. तुमचा ठराव हुईल तवा हुऊ द्या. आदी माज्या पोराला काय कळवायचं ते सांगा, मी कुनाकडनं बी लिवून घेते. हे रोज कागद घिऊन बसत्यात, पर एक अक्षर बी लिवत न्हाईत."