मागून ठोकलेली

माझ्या जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचं इंजिन कायमचं गेलं. लेकीने त्याची शेवटची घरघर रेकॉर्ड केली आणि आठवण म्हणून आपल्या फोनची रिंग करून टाकली.

मेकॅनिक म्हणाला, "नवं इंजिन टाकू, पण हलकं हवं. नाहीतर नाक जड होईल आणि वळणावर गाडी ऐकायची नाही." खूप डोकेफोड करून शेवटी लेकीच्या छोट्या गाडीत आहे तसलंच इंजिन पसंत पडलं. नुसतं इंजिन कोणी विकत देईना, म्हणजे अपघातातली गाडी शोधणं आलं.

"तीसुद्धा मागून ठोकलेली हवी," मेकॅनिकने बजावलं. "पुढून ठोकलेलीचं इंजिन कामातून गेलेलं असतं."

तेव्हापासून घरात माझा एकच धोशा, "एक धड मागून ठोकलेली मिळेना!"

"जरा शुभ बोला की," बायको म्हणायची.

"बाबा, माझ्या गाडीवर डोळा ठेवू नका हं," लेक हसायची.

आज संध्याकाळी मेकॅनिकचा फोन आला. "साहेब, नशीब काढलंत! क्रेनवाल्याने आत्ताच गॅरेजच्या दारात आणून टाकलीय. ट्रकने मागून पार चेपलीय, पण पुढे ओरखडा नाही. इंजिन अजून गरम आहे!"

"घेऊन टाक!" मी ओरडलोच.

"अहो, हळू," बायको म्हणाली. ऑफिसातून अजून न आलेल्या लेकीला ती फोन लावत होती.



तेवढ्यात माझ्या कानाशी, मेकॅनिकच्या आवाजामागे, माझ्या जुन्या इंजिनाची घरघर सुरू झाली.