बोटभर पुढे

पटावरच्या लढाईच्या खेळासाठी कृष्णकांतकाकांनी अकरा वर्षं खपून शिशाच्या छोट्या सैनिकांची तुर्कमेनी फौज रंगवली होती. सातपाटीच्या मच्छीमार भावेशने ती खेळायला म्हणून नेली आणि वितळवून जाळ्याची वजनं केली.

"आमच्या जाल्याला शिसं लागतंच ना, काका. तुमी दुसरी बावली आणा," तो हसत म्हणाला होता. द्यायलाच नको होती, चूक आपलीच, असं काकांना वाटून गेलं.

आज भर दुपारी, बोईसरच्या घरी, ते नव्या फौजेचे स्वार निवडत होते. भावेश समोर चहा पीत बसला होता. तलवारवाले बाजूला सारून काकांनी एकच स्वार उचलला, दोरीचा फास फेकणारा. त्याचं तोंड त्यांनी भावेशकडे केलं.

"याचा फास मोकला का हाय?" भावेशने विचारलं आणि तो खाकरला.

काकांनी स्वार बोटभर पुढे सरकवला. भावेशने शर्टाचं वरचं बटण काढलं. काकांनी तो आणखी बोटभर सरकवला. भावेशच्या गळ्याभोवती पीळदार लाल वळ उमटला. स्वाराच्या हातातला शिशाचा फास आता लहान झाला होता.

काकांनी दचकून हात मागे घेतला.

"फिरवा त्याला, काका," भावेश कसाबसा म्हणाला. "सगलं शिसं आणून देतो. जालं फाडून देतो."

काकांनी स्वार उचलला. नुकताच ओतल्यासारखा तो गरम लागत होता. त्यांनी तो अलगद खाली ठेवला, बोटभर पुढे.