टिपणीस साहेबांचा देठ

टिपणीस साहेबांना त्यांच्याच ऑफिसनं गाळून टाकलं. साहेबांना ते मान्य नाही, म्हणून आपण अगदी पहिल्यापासून सुरुवात करू.

डबा खाण्यात स्टाफचा वेळ जातो, म्हणून साहेबांनी सगळ्यांना हिरवी लस टोचवली होती. ती घेतलेला माणूस झाडासारखा उजेडावर जगतो. स्वतः साहेबांनी लस घेतली नव्हती. त्यांना कोंबडी-वडे आवडत. कँटीन बंद झालं. मग साहेबांच्या सुपीक डोक्यात आलं, की ट्यूबलाइटसुद्धा निम्म्याच पुरेत.

उजेड कमी पडला की झाड तक्रार करत बसत नाही. ते वाढ थांबवतं, आणि जे पान खातं जास्त नि देतं कमी, त्यातला रस काढून घेऊन देठ बंद करतं.

सोमवारी स्टाफमधली हेमांगी बुधकर साहेबांच्या केबिनमध्ये आली. तिनं साहेबांचा शिक्का, किल्ल्या आणि फोन शांतपणे उचलला आणि बाहेरून कडी घातली.

"बुधकर! अहो, मी साहेब आहे!"

"खोत, कसला आवाज रे?" हेमांगीनं बाहेर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं.

"वाळलेलं काहीतरी वाजतंय गं. पडेल आपोआप."

"लाइट लावतो, सगळे लावतो!" साहेब ओरडले. बटणं बाहेर होती.

शेवटी दाराखालून एक कागद सरकला: 'सर्व कर्मचाऱ्यांस कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार अद्याप पिकलेले नाहीत. तरी त्यांना फांदीवर पूर्ववत जोडून घेण्यात यावे, ही विनंती.'