कोर्ट उठेपर्यंत
कारखाना बंद पडल्यावर फिटरने तिथल्याच मशीनमधली तांब्याची तार चोरली होती. न्यायाधीशांनी त्याला सक्तमजुरी सुनावली. पुढचा खटला त्याच कारखान्याच्या मालकाचा होता. कामगारांच्या पगारातून कापलेला फंड त्याने परस्पर गिळला होता. त्याचं वय, तब्येत बघून त्याला दंड आणि फक्त कोर्ट उठेपर्यंत कैद झाली. हवालदाराने दोघांना मागच्या बाकावर शेजारीशेजारी बसवलं. फिटर तुरुंगाच्या गाडीची वाट पाहत होता, मालक पाच वाजायची. दारात फिटरची बायको त्याच्या कपड्यांची पिशवी छातीशी धरून उभी होती. फिटरने सवयीने अंग चोरून साहेबांना जागा दिली. "आपल्याकडेच होतास ना रे?" मालकाने विचारलं. "एकोणीस वर्षं, साहेब." मालक घड्याळ पाहत वैतागून पुटपुटला, "अजून किती वेळ काढायचा?" आपल्यालाच विचारलं असं वाटून फिटर अदबीने उठला. "दोन वर्षं, साहेब."