एकमताने मंजूर

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी विधानसभेने भिवरगावचं पाणी विधेयक एकमताने मंजूर केलं. धरणातलं पाणी आधी गावाला आणि उरलं तर बाटल्यांच्या कारखान्याला, एवढंच त्यात होतं. त्यासाठी आमदार शकुंतला ढोबळे यांनी सगळ्यांचे उंबरे झिजवले होते. दोन्हीकडचे सदस्य बाकं वाजवत होते आणि शकुंतलाबाईंचा हातही थांबत नव्हता.

तेवढ्यात अध्यक्षांच्या डोक्यावरचा डिजिटल पडदा लाल झाला. जागतिक व्यापार कराराचं यंत्र प्रत्येक देशातला प्रत्येक कायदा मंजूर होताक्षणी तपासायचं. त्याचा निकाल आला होता: कारखान्याच्या भावी नफ्याला बाधा, कायदा रद्द.

"अहो, आत्ताच तर मंजूर झाला!" शकुंतलाबाई पाणीपुरवठा मंत्र्यांपाशी धावल्या.

"मंजूर करायला कुणाची ना नाही, ताई. आपण रोज करतोच की."

"मग अपील कुठे करायचं?"

"त्याच यंत्राकडे. मागचं अपील त्याने मी खुर्चीत बसेपर्यंत फेटाळलं. कामाला वाघ आहे!"

शकुंतलाबाईंचा फोन वाजला. भिवरगावचे सरपंच हणमंतराव होते आणि मागे ताशा कडाडत होता.

"ताई, जिंकलो! टीव्हीवर बघितलं आणि लगेच टँकरवाल्याला सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नको. बरोबर केलं ना?"

"हणमंतराव, आधी टँकर परत बोलवा," त्या म्हणाल्या. "बाकीचं मग सांगते."

दुपारी एकपर्यंत टँकरवाल्याने फोन उचललेला नव्हता.